नाट्याच्या सड्यावरची कारखान्याची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. १९८१ साली रत्नागिरीत माझा जन्म झाला. पेंटरने माझ्यावर लाल अक्षरांत लिहिले, 'शुद्ध हवा, भरपूर ऊन, कष्टाळू माणसे. उद्योजकांनो, कारखाना इथेच काढा.' उद्योग खात्याच्या साहेबांनी त्याच्या अक्षराचे कौतुक केले. पुढच्याच आठवड्यात पेंटर नोकरीसाठी मुंबईला गेला.

मला नाट्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, एस्टीच्या थांब्याशी उभे केले. चार वर्षांत एकही उद्योजक आला नाही. म्हशी मात्र नेमाने यायच्या, अंग घासायला. त्यांच्या लोभाने माझे खांब वाकले आणि मी जमिनीला टेकले.

मग सगुणा आली. तिचा नवरा लवू मुंबईत वर्कशॉपात होता. मे महिन्यात तेवढा रजेवर यायचा. सगुणा आंबापोळी घालायची. सड्यावर ऊन दिवसभर, पण वारा धूळ उडवतो. तिने माझ्या आडोशाला ताटे मांडली. मला पहिल्यांदाच काम लागले.

एकदा मोटार थांबली. कोल्हापूरच्या एका मिठाईवाल्याने मला वाचले, ताटांकडे पाहिले.

"हाच का तो कारखाना?"

"वाचलंत ना? मग इचारता कशाला?" सगुणा म्हणाली.

त्याने तुकडा तोंडात टाकला आणि पावसाआधी दोनशे पोळ्या मागितल्या. सगुणा हो म्हणाली. एकटीला जमणार नव्हते, आणि लवूची रजा रविवारी संपत होती.

रविवारी लवू ट्रंक घेऊन थांब्यावर आला. सगुणा 'राहा' म्हणाली नाही.

"तिकडं खोलीवर ऊन येतं काय ओ?"

"संडासाच्या रांगेत येतं."

तेवढ्यात राजापूरची एस्टी आली. लवू ताटांकडे बघत होता. पोळी वरून सुकली होती. आता उलटली नाही तर ताटालाच चिकटली असती.

"लवू, चढतोस ना रे?" कंडक्टर बाबूने विचारले.

"व्हा पुढं. पोळी उलटायची हाय."

"मग संध्याकाळच्या गाडीनं ये."

"संध्याकाळी दुसरी बाजू बघायची हाय."

बाबूने घंटी मारली. सगुणाने एक ताट लवूकडे सरकवले.

ती दोघे अजून इथेच आहेत, मित्रांनो. मला मात्र खारा वारा खातो आहे. कुणी डबाभर रंग आणि दोन सरळ खांब आणलेत, तर बरे होईल. फक्त मला उंच उभी करू नका. वारा खालून ताटांत शिरतो.