मागे काय?

मेरेआनाच्या दातांत पेन्सिल होती. चाचणी चालू असताना तोंड उघडायचं नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट डोळ्यांवर घातलेल्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. ज्याने यंत्र घडवलं त्याने नुसतं ऐकायचं. सुचवायचं नाही, खुणावायचं नाही, हुंकारही द्यायचा नाही. त्या पेन्सिलीवर दातांचे इतके वण होते की तिचा सहकारी फर्गस म्हणायचा, "तुझी चाचणी कशी गेली ते पेन्सिल बघून कळतं."

आज ती अर्धी चघळून झाली होती.

ग्रेमथ बंदरातल्या बचावपथकाची शेड. बाहेर खरी नदी, खरा समुद्र, आणि दोघांच्या मध्ये पाण्याखालचा वाळूचा दांडा. त्याच्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. आत, भंगारातल्या बोटीचं सुकाणूचं चाक आणि वेग कमीजास्त करायची मूठ, थ्रॉटल, टेबलाला ठोकलेली. आणि हेडसेटमध्ये तोच दांडा, मेरेआनाने बनवलेला.

समुद्रातून नदीत शिरताना लाटा पाठीमागून येतात. त्या कळाव्यात म्हणून तिने बोट हाकणाऱ्याच्या डाव्या मनगटावर एक चकाकती पट्टी दिली होती. मनगट उचलायचं, उजव्या हाताचं बोट तिच्यावर टेकवायचं, मागची लाट दिसते. तिचा अख्खा हिवाळा त्या पट्टीत गेला होता.

पथकाचा प्रमुख तामाती याने सकाळीच सांगून टाकलं होतं. "आमच्यातला एक जण तरी तुझ्या दांड्यावरून धड आत आला, तर हे खोकं नव्या लोकांना शिकवायला ठेवून घेतो. नाही आला, तर तुमच्या गाडीत परत."

पहिला बुडाला.

दुसरा बुडाला, आणि बुडता बुडता यंत्र बनवणाऱ्यांविषयी काहीबाही बोलला.

आता शेवटची. ब्रॉन. सकाळी बेकरी, बाकी वेळ बोट.

"बसले. अगं बाई, हे तर आपलंच बंदर! धक्क्यावरचा दिवासुद्धा घातलायस की गं पोरी!"

(घातलाय. पट्टी बघ.)

"दांडा समोर आहे. पांढरं फुटतंय. आता गप्प बसू?"

"बोलत राहा," फर्गस म्हणाला. एवढ्यापुरती त्याला मुभा होती.

"एक हात चाकावर. एक थ्रॉटलवर. मनगटावर काहीतरी लुकलुकतंय."

(हो! उचल!)

"छान आहे. घड्याळासारखं."

(उचल ना, बाई.)

"पण मी आता कुठला हात सोडू?"

कुठला?

मेरेआना पेन्सिल चावायची थांबली. प्रयोगशाळेत सुकाणू नव्हतंच. बोट बटणांवर चालायची. ती आणि फर्गस फिरत्या खुर्च्यांवर ऐसपैस बसून, दोन्ही हात मोकळे, एकमेकांना सांगायचे: पट्टी झकास चालते.

"मागे?" ब्रॉन म्हणाली.

कोणाला? मान न वळवता, खांद्यावरून, सवयीने. खऱ्या बोटीत तिच्या पाठीला पाठ लावून एक जण बसतो आणि मागच्या लाटा ओरडून सांगतो. सुकाणूवरच्याने समोरून नजर हटवायची नसते.

तिथे कोणीच नव्हतं.

"मागे काय? अरे, बोला की कोणीतरी!"

भिंतीवरच्या पडद्यावर मेरेआनाला दिसत होतं मागे काय ते. पाण्याची हिरवी भिंत. वाढतेय.

(बोलायचं नाही बोलायचं नाही बोलायचं)

पेन्सिल फरशीवर पडली.

"मोठी! मोठी येतेय, थांब! थांब... खालून जाऊ दे तिला... आता वेग दे! बस हिच्या पाठीवर!"

पडदा पांढरा झाला, मग करडा, मग सपाट. नदी.

"किटली ठेवा!" ब्रॉन गरजली. शांत पाण्यात शिरल्यावर इथला प्रत्येक जण असंच ओरडतो. शेड हसली.

"चाचणी बाद," फर्गस म्हणाला.

"बाद!" मेरेआनाने उडीच मारली. "मोठ्या अक्षरात लिही! फर्गस, पट्टी नकोच आपल्याला. बघायचं काहीच नको! आवाज हवा. पाठीमागून!"

"आणि तुझा हिवाळा?"

"गेला खड्ड्यात!"

तामातीने घसा साफ केला. "बाद म्हणजे ब्रॉन आत आली नाही, असंच ना?"

"असंच. मी मदत केली." मेरेआनाने मान डोलावली. "ज्याने हे अजून डोक्याला लावलेलं नाही असा एक माणूस द्या."

"आहे की," ब्रॉन म्हणाली. "सकाळपासून डोक्याला खोकं न लावता नुसते हुकूम सोडतोय."

"मला त्यात मळमळतं," तामाती म्हणाला.

"न घालताच कळलं होय रे तुला?"

तामाती बसला. पण आवाज देणारं यंत्र आहे कुठे? "मी," मेरेआना म्हणाली. यंत्र बनवण्याआधी माणसानेच यंत्र होऊन बघायचं, ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. तिने दुसरी खुर्ची ओढली, त्याच्या पाठीला पाठ लावली, दुसरा हेडसेट चढवला.

"मागे काय आहे तेवढंच सांगायचं," फर्गसने दम भरला. "काय करायचं ते नाही. एक सल्ला दिलास की हीही बाद."

आणि मग समुद्र.

इतके दिवस तिने नजर ठेवली होती ती मनगटावर. मागे तोंड करून ती इथे कधी बसलीच नव्हती. बापरे! या लाटा मी केल्यात?

"मागे?"

"छोटी. तिच्यामागे छोटी." मेरेआना म्हणाली. "तिच्यामागे मोठी. जवळ येतेय."

(वेग कमी कर. कर!)

तिने ओठ चावला. पाठीला तामातीची पाठ ताठ लागली. इंजिनाचा वेग त्याने आपणहून उतरवला.

"मोठी खालून गेली," ती ओरडली. "मागे सपाट!"

इंजिन डरकाळलं. खुर्ची थरथरली. तिच्या डोळ्यांसमोर दांडा मागे मागे गेला, पांढरा, मग बारीक, मग नुसती एक रेघ.

आजूबाजूला शांत नदी.

"किटली," तामाती म्हणाला, आणि त्याला पुन्हा श्वास घ्यावा लागला. "ठेवा."

"कधीच ठेवलीय," ब्रॉन म्हणाली. "आणि खोक्याला जागा कुठे करायची ते सांग."

फर्गसने मेरेआनाच्या खांद्यावर थाप मारली. "काढ आता. राहिलं आपलं खोकं इथेच!"

"थांब रे," हेडसेटमधून ती म्हणाली. "अजून एक येतेय!"