खडूची होडी

होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुताराची एक रीत होती. लाकडाला हात लावण्याआधी तो कारखान्याच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची होडी काढायचा आणि गिऱ्हाइकाला तीत तासभर बसवायचा. बसायला फळी, सुकाणू म्हणून झाडूचा दांडा आणि कप्पीवरून सोडलेल्या दोराला शिडाच्या वजनाची वाळूची पिशवी. इथे जमलं तरच तो काम घ्यायचा.

आज त्या होडीत बाई बसल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि सगळ्या सुट्ट्या वडिलांच्या होडीत काढल्या होत्या. आता वर्षभरापासून दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध राखाडी डाग बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेचं तेवढं अंधुक दिसायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

म्हणून तर बाईंनी चिनी पद्धतीच्या शिडाचा हट्ट धरला होता. हे शीड आडव्या बांबूंवर ताणलेलं असतं, घडीच्या पंख्यासारखं. वारा वाढला की दोर सैल सोडायचा. एकेक घडी आपसूक खाली बसते. जागचं उठावं लागत नाही. चाचपडतही जमतं, एकट्यालाही जमतं.

"ताई, घरात रोज दारावर आपटतेस तू," धाकटी बहीण भिंतीजवळच्या स्टुलावरून म्हणाली. "आणि निघालीस समुद्रावर!"

"समुद्रात दारं नसतात."

सुतार खो खो हसला. "बाई, शीड चढवा."

बाईंनी दोर ओढला. पिशवी वर गेली.

"वारा वाढला. दोन घड्या उतरवा."

दोर बोटांतून मोजून सुटला. सुतार वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "डोळस गिऱ्हाइकं इथे गोंधळतात." बाईंचा चेहरा खुलला. लाकूड कुठलं घ्यायचं, हे त्या विचारणारच होत्या.

"आता परत या," सुतार म्हणाला. "मी धक्क्यावर उभा आहे. होडी माझ्याकडे वळवा."

बाईंनी दांडा हातात घेतला आणि थांबल्या.

"काहीतरी बोला ना," त्या म्हणाल्या.

"धक्का बोलत नाही, बाई." उंच छपराखाली आवाज चहूकडून घुमला.

त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. मग अंदाजाने दांडा वळवला. सुतार उभा होता तो त्यांच्या पाठीमागे.

"बरोबर कोणी असेल, तर आजच काम धरतो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मी येईन की," बहीण घाईने म्हणाली. "पुढे बसून सांगत जाईन. डावीकडे, उजवीकडे."

"तुला तळ्यातसुद्धा उलटी होते."

"होऊ दे झाली तर!"

"आणि सांगणारं कोणी लागलं, तर बागेत फिरणं काय वाईट?" बाईंनी पिशवी अलगद खाली उतरवली आणि दोराचं वेटोळं घालून ठेवलं, वडिलांनी शिकवलं होतं तसं. "नका बांधू."

इतके दिवस बहिणीला नेमकं हेच ऐकायचं होतं. तरी ती खालमानेने उठली. ती जवळ आली, तिने हात पुढे केला.

"चल, ताई."

"कुठल्या बाजूने उतरू?"

"अगं, फरशी आहे ही. कुठूनही ऊठ."

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि खडूच्या रेघेच्या आत, फळीवरच बसून राहिल्या.