तपासलेली गाडी

आमच्या ट्रामच्या शेवटच्या स्टेशनला एक साहेब बसतात. त्यांना माणसांपेक्षा दिवे प्रिय. नियम असा, की शेवटच्या स्टेशनला ड्रायव्हरने तिन्ही डब्यांमधून चालत पलीकडच्या टोकाला जायचं, डुलकी लागलेल्यांना उठवायचं आणि तिथलं बटन दाबायचं. दाबलं की साहेबांच्या पडद्यावर हिरवा दिवा लागतो, म्हणजे गाडी तपासली. हे सगळं चार मिनिटांत, आणि लघवीही त्यातच उरकायची. म्हणून आम्ही शहाणे लोक फलाटावरूनच तरातरा जातो आणि बटन दाबतो. दिवा तेवढाच हिरवा लागतो.

या कर्तबगारीबद्दल मला सन्मानपत्र मिळालं: वर्षभर शंभर टक्के तपासणी. माझे वडील, आप्पा, याच मार्गावर गाडी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी ते फ्रेम करून आणलं, स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावलं आणि येईल-जाईल त्याला दाखवलं. मीही निर्लज्जासारखा शेजारी हसत उभा राहायचो.

परवा दुपारी बाराला शेवटच्या स्टेशनला फोन उघडला, तर बायकोचे अकरा मिस्ड कॉल. मी वाचायचा चष्मा घरी विसरलो होतो. तो द्यायला आप्पा नऊला निघाले, ते परतलेच नव्हते. सकाळचं इन्शुलिन घेतलेलं, दहाचं खाणं टेबलावर तसंच पडलेलं. साखर उतरली की त्यांची बसल्या जागी शुद्ध हरपते.

धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता पडद्याकडे बोट केलं. सकाळपासूनच्या सगळ्या गाड्या हिरव्या, तेव्हा म्हातारबुवा गाडीत असणं शक्य नाही, बाहेर शोधा, म्हणाले. आणि मीही तोंड वर करून सांगितलं, की माझी गाडी तर आज चारदा तपासलीय. खोटं बोलतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही, इतकी सवय झालेली. बायकोला दवाखाने पालथे घालायला सांगितलं, मेव्हण्याला नदीकडे पिटाळलं.

तेवढ्यात झाडू मारणाऱ्या मावशी माझ्याच गाडीतून उतरल्या. आप्पांच्या वेळेपासूनच्या त्या. डब्यांतून चालत जाणारं स्टेशनवर आता त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "मधल्या डब्यात जा. आप्पा घामाने थबथबलेत."

आप्पा खिडकीशी बसले होते, चष्म्याची डबी दोन्ही हातांत घट्ट धरून. मावशींनी कमरेच्या पिशवीतून साखरेची पुडी काढून त्यांच्या तोंडात ओतली. मला रडू फुटलं, आणि लाज वाटत होती ती वेगळीच.

बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं. "तुझ्याच गाडीत चढलो, मग गुडघे उचलेनात रे. म्हटलं, शेवटच्या स्टेशनला तू डब्यांतून येशीलच. बसून राहिलो. चारदा."

तोवर साहेब दाराशी आले. गाडीला उशीर होतोय, तेवढं बटन दाबून टाका, म्हणाले. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं अर्धं मलाच लागू होतं.

सन्मानपत्र अजून भिंतीवर आहे. आप्पा ते काढ म्हणत नाहीत. पाहुणे आले की फक्त त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.