विमान कोणाचं

दामिनीनं थ्रॉटल पूर्ण पुढे सारलं. धावपट्टी चाकांखालून पळू लागली, इंजिनाचा आवाज भरून आला, सगळं व्हायला हवं तसं झालं. फक्त वेगाचा काटा शून्यावर बसून राहिला. तिनं पापणी लवेस्तोवर वाट पाहिली, थ्रॉटल मागे ओढलं आणि ब्रेक दाबले. शेजारच्या सीटवरचा तिचा धाकटा भाऊ अंकुर पुढे फेकला गेला. पट्टा होता म्हणून कपाळ वाचलं.

"काय झालं वं ताई? उडवून काहून नाही राहिली?"

हवेतला वेग न कळता उडायचं म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठावरून चालायचं. आणि सकाळी तर तिनं एकूण एक गोष्ट स्वतः तपासली होती. विमान वळवून तिनं हँगरपाशी आणलं, इंजिन बंद केलं, उतरली आणि थेट डाव्या पंखाखाली गेली. तिथं करंगळीएवढी एक नळी पुढे निघालेली असते. तिच्यात हवा शिरते आणि त्या हवेच्या जोरावर तो काटा चालतो. दामिनीनं केसातली पिन काढून नळीच्या तोंडात हलकेच फिरवली. बाहेर आलं लिंबाचं बी. त्याच्यामागून सालीचा हिरवा तुकडा.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अंकुर, या नळीत लिंबू कोणी खुपसलं?"

अंकुरनं गाडीजवळ उभ्या असलेल्या चंद्रकुमारकडे पाहिलं. हा त्याचा दोस्त. त्याची गाडीही चालवायचा आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओही काढायचा. चंद्रकुमारला नेमकं तेव्हाच गाडीची काच पुसायची आठवण झाली.

"तू आत सह्या करून राहिली होती ना, तवा," अंकुर म्हणाला. "नव्या गाडीले लावतेच ना आपल्याकडं लिंबू. हे टोक समोर आलेलं दिसलं, त्याले रोवलं. रील काढली आन् लगेच काढून टाकलं. तू चिल्लावशील म्हणून."

"हे काय ट्रॅक्टर आहे?"

"नजर लागते ताई. एवढी मोठी वस्तू आपल्या घरी येऊन राहिली."

आपल्या घरी म्हणे. या विमानात अंकुरचा एक स्क्रूसुद्धा नव्हता. छत्तीसगडातला एक फ्लाइंग क्लब बंद पडला, त्याचं हे जुनं दोन सीटांचं विमान विकायला निघालं आणि ते दामिनीनं घेतलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या पोरांना दुसऱ्यांच्या विमानात उडायला शिकवत आली. लग्नाचं म्हणाल तर गावी मोहाडीत तिच्या नावानं बोटं मोडून लोक थकले. आता विमान स्वतःचं, ठेवायला जागाही मिळाली होती. सानगडीच्या पुढे एका कारखानदारानं बांधलेली छोटी खाजगी धावपट्टी. आज विमान क्लबातून तिकडे न्यायचं होतं. घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंकुर म्हणाला, दोन सीटा आहेत, मी येतो सोबत. हिला बरं वाटलं. भाऊ सोबत येतो म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

"लवकर कर ना आता. तिकडं लोकं खोळंबले. फ्लेक्स लागले, बँड आला." त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला, आणि धरल्यावर त्याला वाटलं असावं की धरायला नको होता.

फ्लेक्सवर अंकुर होता. पांढरा कुर्ता, हात जोडलेले, मागे विमान. मोहाडीचे सुपुत्र अंकुरभाऊ यांनी स्वतःचे विमान खरेदी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक चेहरे. दामिनीनं बोटांनी फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. त्या बारक्यांतही ती नव्हती.

"नगरपंचायतीचं तिकीट भेटून राहिलं ताई. तुले काय फरक पडते? विमान तं तुझंच आहे."

"बाबानं पाहिलं हे?"

"बाबानंच तं मजकूर पाहून दिला."

तिनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

"उतरव तुझी बॅग."

"मजाक करते का? मी त्या विमानातून नाही उतरलो तं घरची इज्जत काय राहीन? आई ताट घेऊन उभी आहे तिकडं."

"आज आपण दोघं मेलो असतो, अंकुर. तवा राहिली असती इज्जत? चंद्रकुमार, घेऊन जा याले."

अंकुर आधी हसला, मग चिडला, मग 'ताई ताई' करू लागला. ती ढिम्म हलली नाही. क्लबच्या मेकॅनिकनं नळीचा मागचा जोड सोडला, उलट बाजूनं हवा मारली, पुन्हा सगळं जोडून तपासलं. दामिनीनं विमानाला नव्यानं पूर्ण फेरी मारली. चाकं, पंख, तेल, पेट्रोल, एकही गोष्ट तिनं सोडली नाही. डोकं मात्र अजून तापलेलं होतं. ते थोडं निवेस्तोवर ती पंखाखाली बसून पाणी पीत राहिली आणि मगच इंजिन चालू केलं.

या वेळी काटा हलला.

जंगल संपून खाली धानाची कापलेली शेतं लागली, बांध्याबांध्यांतून रचलेले भारे, मधून मधून तलाव. आपलं विमान घेऊन आपल्या मुलखावरून पहिल्यांदा जायचं, हा क्षण तिनं मनात किती वेळा घोळवला होता, आणि मेला तो सगळा रागातच गेला. तिला गावाचा बँड नको होता. कोणाचं अभिनंदन नको होतं. आईबाबांनी चारचौघांत एकदा म्हणावं, हे आमच्या दामिनीचं विमान आहे, बस, एवढंच. बाबांनी मजकूर पाहून दिला म्हणे. साड्यांच्या पेठेत जन्म घालवलेला माणूस, सुताचा एक फेर चुकला तर ज्याला दिसतो, त्याला पोरीचं नाव राहिलेलं दिसलं नाही?

विमान टेकलं तसा बँड सुरू झाला. हार घेतलेली माणसं धावत आली आणि रिकामी सीट पाहून थबकली. अंकुरचा कार्यकर्ता डोमा मात्र थबकला नाही. त्याच्या हातात माइक होता.

"मंडळी, आताच भाऊंचा फोन आला होता. उडता उडता विमानात बिघाड असल्याचं भाऊंच्या लक्षात आलं. भाऊंनी विमान थांबवलं, दुरुस्त करून घेतलं, आणि वजन कमी व्हावं म्हणून स्वतःची सीट सोडली. भाऊ रोडनं येऊन राहिले. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्याही.

दामिनीनं त्याच्या हातातून माइक घेतला.

"विमान माझं आहे. माझ्या कमाईचं आहे, माझ्या नावावर आहे. अंकुरनं बिघाड शोधला नाही, केला. म्हणून त्याले मीनं उतरवलं."

तिनं माइक परत दिला. डोमानं तो पहिल्यांदा बंद केला. बँडवाले एकमेकांकडे पाहू लागले. सगळ्यांच्या नजरा गोपाळरावांकडे वळल्या, तिच्या वडलांकडे. गोपाळराव डोक्यावरची टोपी काढून आत काही आहे का ते पाहत होते.

कौशल्याबाई ओवाळणीचं ताट घेऊन विमानाशी आली. पेटलेल्या निरांजनाला एका हाताचा आडोसा होता. तिनं आधी रिकामी सीट पाहिली, मग लेकीचं तोंड.

"सकाळपासून काही खाल्लं का वं बाई?"

"नाही."

"सुकली किती." मग ती नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ओवाळू का इले?"

गोपाळरावांनी टोपी घातली.

"थांब जरा. अंकुर निघाला आहे. दिवेलागणीपर्यंत पोहोचते."

ते लेकीकडे न पाहताच बोलले. कौशल्याबाईनं क्षणभर वाट पाहिली, ते आणखी काही म्हणतात का म्हणून. मग निरांजन फुंकलं, कुंकू वाऱ्यानं उडू नये म्हणून ताटावर पदर ओढला आणि ती मागे सरली.

दामिनी तिच्यामागून गेली. आईच्या हाताखालचा पदर तिनं बाजूला केला, बोटावर कुंकू घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर ओढलं. घामेजल्या कपाळावर ते वाकडंतिकडं बसलं, थोडं नाकावर सांडलं. लोक पाहत होते. तिनं पाहू दिलं.

"आई, हे ताट माझं झालं. त्याच्यासाठी दुसरं भरजो."

आणि ती विमानाचे दोर बांधायला निघून गेली.

"झाक ते," गोपाळराव म्हणाले.

कौशल्याबाई ताट धरून तशीच उभी राहिली. कुंकू वाऱ्यानं थोडं थोडं उडत होतं. तिनं झाकलं नाही.