मागच्या खोलीचं आकाश

आमच्या घरात इंटरनेट आहे आणि आकाशही आहे, पण दोन्ही एका खोलीत नाहीत. पुढच्या खोलीत राउटर आहे आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. मागच्या खोलीत पश्चिमेची मोठी खिडकी आहे, तिच्यात मावेल तेवढं सगळं आकाश आहे, आणि वायफायची एक काडीसुद्धा नाही; मोबाइलवर बोलता येतं, पण डेटा चालत नाही. मधल्या पॅसेजमध्ये दोन्ही थोडं थोडं असायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड आहे.

वर्षानुवर्षं हे कोणाला खटकलं नव्हतं. मग सासरे राहायला आले.

सासरे हवामान खात्यातले. ठरलेल्या वेळी वर बघायचं आणि दिसलं ते लिहून काढायचं, याचा त्यांना जन्मभर पगार मिळाला. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, वर बघणं थांबलं नाही. त्यांच्यासारखीच काही निवृत्त मंडळी वेगवेगळ्या गावांत बसून रोज संध्याकाळी व्हिडिओवर जमतात आणि आपापल्या खिडकीतले ढग एकमेकांना दाखवतात. तब्येत, मुलं, सुना, जावई हे विषय वर्ज्य. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग पाडायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम.

"माझ्याकडे आठात तीन."

"माझ्याकडे सहा. पण पातळ आहेत हो, जीव नाही त्यांच्यात."

मग बराच वेळ कोणीच काही बोलत नाही. पडद्यावर चार-पाच चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात वेगळ्या गावचा ढग सावकाश पुढे सरकत असतो, आणि एका चौकोनातून निघालेला ढग दुसऱ्या चौकोनात शिरेल असं उगाचच वाटत राहतं. मी याला ढगमंडळ म्हणतो. बायको म्हणते, त्यांना नावं ठेवू नकोस, तुला तेवढंही काम नाही.

सासूबाई गेल्यावर त्यांचं घर आवरून आम्ही सासऱ्यांना इकडे आणलं आणि मुद्दाम खिडकीची खोली दिली. तिथून ढगमंडळ दिसेना. पुढच्या खोलीतून मंडळ दिसायचं, पण ढग दिसेना. एका संध्याकाळी त्यांनी टॅब खिडकीला लावून मंडळाला शेजाऱ्यांची भिंत दाखवली. "आठात आठ," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यानंतर त्यांनी जमणं सोडलं.

आणि एका रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, की ज्येष्ठांच्या निवासात एक खोली रिकामी होते आहे आणि ते जाणार आहेत.

"तिथे प्रत्येक खोलीत वायफाय आहे," ते म्हणाले. "शिवाय गच्ची आहे. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येईल, हो म्हणायचं की झालं."

"बाबा, वायफायसाठी कोणी घर सोडतं का?" बायको म्हणाली.

"घर नाही गं. खोली सोडतोय."

बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे काय होतं हे मला लग्नापासून माहीत आहे. भांडी घासून झाल्यावर ती पुन्हा तीच भांडी घासते.

खरं तर मलाही ते हवे होते. माझ्याकडून कसलीच अपेक्षा नसलेला माणूस घरात असणं ही साधी गोष्ट नाही.

मी उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहितो, त्यामुळे घरात कोणतंही उपकरण माझ्या हातात दिलं जात नाही. तरीही मी प्रयत्न केले. राउटर कपाटावर ठेवला, फ्रिजवर ठेवला, वायर ताणून पॅसेजच्या तोंडाशी एका स्टुलावर ठेवला. सगळ्या ठिकाणांहून त्याने मागच्या खोलीकडे पाठ फिरवली. त्यातच एक नवीन भानगड सुरू झाली होती. पॅसेजमधून जाताना बायकोच्या फोनचं इंटरनेट जायचं, स्वयंपाकघरात परत यायचं. माझ्या फोनला काहीच व्हायचं नाही.

"तुझा फोन तुझ्यासारखाच आहे," ती म्हणाली. "त्याला काही लागतच नाही."

शेवटी तिने कंपनीत तक्रार केली आणि शुक्रवारी एक माणूस आला. पाठीला कंपनीची बॅग, चेहऱ्यावर पुढच्या तक्रारीची घाई. बायकोचा फोन हातात धरून तो पॅसेजमध्ये गेला, परत आला, पुन्हा गेला.

"ताई, घरात दुसरं वायफाय आहे तुमच्या."

"नाही हो."

"आहे की. हे काय."

बायकोने बघितलं. फोन एका नेटवर्कला जोडलेला होता. नेटवर्कचं नाव होतं, 'दार ओढून घ्या'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, इंटरनेट नाही.

बायको स्टुलावर बसली. "आई," ती म्हणाली.

तो माणूस आईंना शोधू लागला.

हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्यांच्या घरी सगळ्या आळीचा राबता असायचा आणि येणारा प्रत्येक जण दार उघडं टाकून आत यायचा. सांगून सांगून त्यांचा घसा बसला. घरात वायफाय आलं तेव्हा त्यांनी त्याचं हेच नाव ठेवलं, म्हणजे जो फोन उघडेल त्याला घरात शिरल्या शिरल्या समज मिळेल. पासवर्ड मात्र त्यांनी जन्मात कोणाला सांगितला नाही. पाहुणा आला की त्याचा फोन मागून घ्यायचा, त्याच्याकडे पाठ करायची, पदराआड काहीतरी टाइप करायचं आणि जोडलेला फोन प्रसादासारखा परत करायचा, ही त्यांची रीत. ज्याचा फोन त्यांनी हातात घेतला तो त्यांचा माणूस. बाकीच्यांनी आपापला डेटा वापरावा.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. पलंगाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, त्यांचा जुना राउटर बसला होता. दिवे लागलेले. त्याला कुठलीही वायर आली नव्हती, नुसती विजेची.

"हा कधी लावलात?" बायकोने विचारलं.

"आल्यापासून," सासरे म्हणाले.

"पण त्याला काही जोडलंच नाहीये, बाबा. चालू करून उपयोग काय?"

त्यांनी उशीजवळचा टॅब उचलून तिच्यापुढे धरला. वरच्या कोपऱ्यात पंख्यासारखी खूण होती आणि तिच्याशेजारी ते नाव.

"नाव येतं," ते म्हणाले.

खोलीत ऊन होतं. पडदा आत येत होता आणि बाहेर जात होता. मला वाटून गेलं, की इतके दिवस या घरात एक बाई बोलत होती आणि ते फक्त फोनांना ऐकू येत होतं. बायकोचा फोन पॅसेजमध्ये आला की सगळं इंटरनेट सोडून आजीच्या हाकेला धावणाऱ्या पोरासारखा तिकडे धावत होता. आणि आम्ही कंपनीत तक्रार केली होती.

कंपनीचा माणूस खूश झाला. "अरे, मग प्रश्नच मिटला! चांगला पीस आहे. पुढच्या राउटरपासून इथपर्यंत वायर ओढायची, याला जोडायची, की या खोलीतही नेट. फक्त आधी रीसेट मारावं लागेल." त्याने बॅगेतून एक पिन काढली.

सासऱ्यांनी राउटर उचलून मांडीवर घेतला. "रीसेट मारल्यावर काय होतं?"

"सगळं पुसलं जातं. एकदम नवा होतो."

"मग नको."

"बाबा," बायको मऊ आवाजात म्हणाली, "नाव आपण परत तेच लिहू ना."

"आणि पासवर्ड?"

"तुम्हाला माहीत असेल की."

"मला?" ते खरोखर चकित झाले. "मला कशाला सांगेल ती? माझा टॅबही तिनेच जोडला. पाठ करून."

कंपनीच्या माणसाने पिन बॅगेत टाकली. रीसेट न मारता कंपनी काही करत नाही, असं तो म्हणाला, आणि पुढच्या तक्रारीकडे निघून गेला.

'समस्या कायम राहिल्यास उपकरण रीसेट करावे.' हे वाक्य मी कितीतरी पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे. शेवटचं पान भरायला ते बरं पडतं. उपकरणाच्या आत कोणी असेल, असा विचार करायचे पैसे कोणी देत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला सुचलं, की त्या राउटरला नाव आहे, पासवर्ड आहे, त्याची माणसं आहेत. त्याला आमच्याकडून फक्त एक वायर हवी आहे.

शनिवारी सकाळी मी वायर आणली. पुढच्या राउटरपासून भिंतीच्या कडेने, कपड्यांच्या स्टँडखालून, कपाटाला वळसा घालून, दाराच्या फटीतून मागच्या खोलीत. वायर जाड निघाली. खोलीचं दार त्यानंतर पुरतं लागेना, चार बोटं उघडंच राहू लागलं. इथे आल्यापासून सासरे ते लावून घेऊन बसायचे. त्यांनी एकदा लोटून पाहिलं, वायरकडे बघितलं आणि सोडून दिलं.

"कुठे खुपसायची?" मी विचारलं.

"पुस्तिका तुम्ही लिहिता ना?" ते म्हणाले.

बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं एक भोक होतं, त्यात खुपसली. एक दिवा नारिंगी झाला. तो बराच वेळ नारिंगी राहिला, मग उघडझाप करू लागला, झोपेतून उठणारं माणूस आपण कुठे आहोत हे आठवत असतं तसा. आणि हिरवा झाला.

घरात काहीतरी सुरू झालं. टॅबने आधी एक घंटी वाजवली, मग घंट्यांची रांग लागली. इतक्या दिवसांचे राहिलेले ढग एकामागोमाग एक त्यात येऊन पडू लागले. पॅसेजमध्ये बायकोने हौसेने टांगलेली आईकडची, वायफायवर चालणारी फोटोफ्रेम होती, ती आल्यापासून एकाच फोटोवर अडून बसलेली. तिने तो फोटो सोडला आणि पुढचा दाखवला. त्यात सगळेजण कशाला तरी हसत होते. बायको हातातला ओला टॉवेल तसाच धरून समोर उभी राहिली. पुढचा आला, त्याच्या पुढचा आला. टॉवेलचं पाणी तिच्या पावलावर ठिबकत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

मी माझा फोन काढला. फोनने पासवर्ड विचारला.

सासूबाईंनी माझा फोन कधी हातात घेतला नाही आणि मी कधी पुढे केला नाही. आमच्यात मागण्याचे संबंध नव्हते, देण्याचे नव्हते. नमस्काराचे होते. आता माझ्याच घरात, मीच ओढलेल्या वायरीवर, मागच्या खोलीत इंटरनेट नसलेला एकटा मी होतो. मी तो फोन खिशात ठेवला. विशेष वाईट वाटलं नाही. माणसाचा हिशेब असा चोख राहिलेला कुठे बघायला मिळतो?

दुपार कलल्यावर मावशी आल्या, सासूबाईंच्या धाकट्या बहीण. भावोजी निवासात जाणार म्हणून निरोप द्यायला, डबा घेऊन. पॅसेजमध्ये पोहोचल्या आणि त्यांच्या पर्समध्ये फोन किणकिणला. त्यांनी काढून बघितला. त्या उलट्या फिरल्या, पुढच्या दारापर्यंत गेल्या, ते ओढून घेतलं आणि कडी नीट बसली का ते हाताने चाचपून परत आल्या.

"उघडंच होतं तुमचं," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ डब्यावरून हात फिरवत राहिल्या.

ढगमंडळाची वेळ झाली. सासरे खिडकीशी उभे राहिले, पण टॅब उंच धरला की त्यांचे हात थरथरायचे आणि आकाश हलायचं.

"जावईबापू, तुम्ही धरा," ते म्हणाले. "नाहीतरी तुमचा फोन इथे चालत नाही."

मी धरला. चौकोन उजळले. सासऱ्यांबरोबर नोकरी केलेल्या एक बाई आधी दिसल्या.

"अहो, किती दिवसांनी! भिंत पडली का?"

"भिंत आहे," सासरे म्हणाले. "मी वळलो."

बाहेर एक लांबलचक ढग चालला होता. खालून सोनेरी, वर राखाडी, कडा उसवलेली. तो इतका हळू जात होता, की आपणच खोलीसकट मागे सरकतो आहोत असं वाटावं. दाराच्या फटीतून स्वयंपाकघरातले आवाज येत होते, मावशींचं काहीतरी सांगणं, नळाचं पाणी.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी नजर ढगावरून न काढता तो कानाला लावला.

"हो, बोलतोय. नाही, आत्ता निरीक्षण चालू आहे." पलीकडचा काहीतरी बोलला. "उद्याही चालू असेल. परवाही... अहो, खोली छानच आहे तुमची, तुमचं काही चुकलं नाही. दुसऱ्या कोणाला देऊन टाका."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

त्यांनी फोन पलंगावर टाकला. "थोडं डावीकडे घ्या," ते मला म्हणाले, "आणि हलू नका."

माझे हात भरून आले होते. तरी मी टॅब खाली घेतला नाही, ढग अजून पुरता गेला नव्हता.