बिनगोळीचा बार

तोंडाकडून दारू-गोळी भरायची ती ठासणीची बंदूक दुरुस्तीला आली की मिस्त्री आधी बोलायचा नाही, आधी गज घालायचा. नळीत गज टेकेपर्यंत सोडायचा, तोंडापाशी अंगठ्याचं नख रोवायचं, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. आतलं माप कमी भरलं की समजायचं, हिच्या पोटात काहीतरी आहे. "रिकामीच आहे हो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर भरवसा ठेवून बोटं घालवलेली माणसं त्यानं पाहिली होती.

थोरले पिस्तूल घेऊन आले तेव्हा चांगलं डोक्यावर ऊन होतं. दोघं भाऊ होते तेव्हापासून सगळे त्यांना थोरले म्हणायचे. धाकटा गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. लाकडाच्या वखारीच्या वाटणीवरून भांडण पेटलं. धाकट्यानं बापाचं हे चकमकीचं पिस्तूल भावावर रोखलं आणि चाप ओढला. घोडा पडला, गारगोटीची ठिणगी उडाली, बाहेरची रंजक, पेट घ्यायला ठेवलेली चिमूटभर दारू, भक्कन जळाली, पण बार काही उडाला नाही. थोरल्यांच्या हातात राखणीची बंदूक होती. तिचा मात्र उडाला. जीव वाचवायला झाडली म्हणून कोर्टानं सोडून दिलं. धाकट्याची बायको, सगळ्यांची धाकटी, त्याच घरात राहिली. दोन वेळा जेवायला वाढायची, पण दिराशी शब्द नाही.

"काय होतंय ह्याला?" मिस्त्रीनं विचारलं.

"वाजतंय."

"पिस्तूल आहे, वाजणारच. वाजत नसलं तर आणायचं माझ्याकडं."

"चेष्टा नको, मिस्त्री. कपाटात कुलपात असतं. धाकटी ताट वाढते, मी पहिला घास उचलतो, की आतून खट्! घोडा पडल्याचा आवाज. उघडून बघावं तर घोडा पडलेलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा खट्. पडलेला घोडा परत पडतो कसा? कुणी ओढल्याशिवाय?"

"उंदीर असेल."

"तुमच्याकडचे उंदीर चाप ओढतात का?"

"आणि धाकटीला ऐकू येतं?"

"तिला विचारणार कोण? मला तोंड आहे का तिच्यापुढं?"

मिस्त्रीनं गज घातला. माप दोन बोटं कमी आलं.

"भरलेलं आहे, थोरले."

"असणारच. माझ्यासाठीच भरलं होतं त्यानं." म्हातारे थोरले जरा ताठ बसले. "ती गोळी काढून द्या मला. ती आत आहे तोवर तो गप बसायचा नाही. नदीत टाकतो आणि मोकळा होतो."

मिस्त्रीनं दोन स्क्रू काढून घोड्याची सगळी यंत्रणा वेगळी करून टेबलावर ठेवली, गारगोटी सोडवली, घोड्याला जोर देणारी कमान काढून खिडकीत ठेवली. कमानीशिवाय घोडा म्हणजे लुळा हात. बोटानं उचलावा तेव्हा उठणार, सोडला की लोळणार. मग नळीत कोमट पाणी ओतलं. जुनी दारू कितीही जुनी असली तरी भिजवल्याशिवाय तिच्याशी सलगी नको. रंजकेचा जाळ नळीत नेणारं कानाचं भोक काजळीनं बुजलेलं होतं. म्हणूनच त्या दिवशी जाळ आत गेला नव्हता.

थोरले बाहेरच्या बाकावर रस्त्याकडं तोंड करून बसले. मिस्त्रीनं टोकाला पीळ असलेली सळई आत फिरवली. चिंध्यांचा घट्ट बोळा आला. आता गोळी, म्हणून त्यानं नळी उलटी करून ठोकली. काळा चिखल पडला. पुन्हा ठोकली. पुन्हा चिखल. गज घातला तर माप पुरं भरलं.

गोळी नव्हतीच. नुसती दारू आणि वर बोळा.

मिस्त्रीनं दारातून बाकावरच्या थोरल्यांकडं बघितलं. हा माणूस इतकी वर्षं एकाच गोष्टीवर तग धरून होता, की भाऊ आपला जीव घ्यायला आला होता. ती गोष्ट त्याच्या हातातून काढून घेतली तर उरतं काय? सख्ख्या भावाला उगाच मारलं, एवढंच.

फळीवरच्या डब्यातून त्यानं मापाची एक शिशाची गोळी उचलली, चिखलात घोळवली आणि ताटलीत टाकली. "या, थोरले. सापडली."

म्हाताऱ्यानं आत येऊन हात पुढं केला आणि टेबलावर खट् झालं.

दोघांनी बघितलं. घोडा एकटाच पडला होता. कमान तिकडं खिडकीत उन्हात.

"मिस्त्री, ही गोळी कुठली?"

"आतली."

घोडा सावकाश वर उठला, दोघांच्या डोळ्यांदेखत. थांबला. खट्.

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. पुसतच राहिला. "माझ्या डब्यातली. आत गोळी नव्हती, थोरले. नुसताच बार भरला होता."

थोरल्यांनी चिंध्यांचा बोळा उचलून बघितला. मग म्हणाले, "लहानपणी दाराआड लपायचा आणि भो करायचा. मी दर वेळी घाबरायचो. दर वेळी, मिस्त्री. त्याला वाटलं असेल, आताही घाबरेन आणि पळून जाईन."

मिस्त्रीनं सवयीनं खिडकीतली कमान उचलली आणि जागेवर बसवायला घेतली.

"राहू द्या ते. आहे तसंच बांधून द्या. बोळाही द्या. धाकटीला दाखवायचंय."

"आता? इतक्या वर्षांनी? ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. म्हणू तर दे."

मिस्त्रीनं सगळं कापडात बांधून दिलं. दाराशी गेल्यावर थोरले थांबले, एका बाजूला सरकले, उंबऱ्यात दुसऱ्याला जागा करून द्यावी तसे.

"चल," ते हळू म्हणाले.

कुणाला, ते मिस्त्रीनं विचारलं नाही.