चुन्याच्या रेघा

घराची आखणी टिकारामांनी गवंड्याला करू दिली नाही. जन्मभर टपाल वाटत दुसऱ्यांच्या दारात उभे राहिलेले; आपल्या घराची पहिली रेघ त्यांना आपल्याच हातानं मारायची होती. बुद्धवंदना झाली, बायकोनं, शेवंताबाईंनी, चुन्याचं घमेलं पुढं केलं. पुढची भिंत वीस फूट, मागचीही वीस. इकडची चाळीस, तिकडचीही चाळीस. फितीचं दुसरं टोक नीलिमानं धरलं होतं. आठवीला गणित शिकवणारी लेक सोबत आहे म्हटल्यावर त्यांची छाती फुगली होती. गवंडी बिचारा रेघेवर विटा रचत गेला.

घर उभं राहिलं, पार स्लॅबपर्यंत. मग शेजारच्या नंदाताईंनी आपल्या जागेची सरकारी मोजणी करून घेतली आणि या घराला घरघर लागली. घर तिरपं निघालं. मागचा एक कोपरा हातभर ताईंच्या जागेत, आणि दुसऱ्या अंगाला आपलीच तेवढी जमीन वाया. बाई भांडखोर नव्हत्या, पण त्यांनाही तिथंच भिंत घालायची होती. प्रकरण कोर्टात गेलं. टिकारामांची त्या बाजूची भिंत पाडली तर वरचा स्लॅब कुठला राहतोय!

टिकाराम मात्र रोज फीत घेऊन घराभोवती फिरत. तारखेच्या आदल्या दिवशीही फिरले. "वीस-वीस, चाळीस-चाळीस. चारही बाजू बरोबर हायेत. उद्या साहेबापुढं मोजून दाखवतो. मोजणीवालेच चुकले."

कोर्टात लोक त्यांना हसतील, हे नीलिमाला सहन होईना. शाळेच्या पिशवीतून तिनं पट्ट्यांचा चौकोन काढला. चार पट्ट्या, टोकांना ढिले खिळे.

"बाबा, समोरासमोरच्या बाजू सारख्या. हा आयत आहे ना?"

"आहे."

तिनं बोटानं कोपरा ढकलला. चौकोन एका अंगाला कलला.

"बाजू तेवढ्याच आहेत. पण आता हा आयत नाही, समांतरभुज चौकोन झाला. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजायचं असतं. दोन्ही तिरपी मापं सारखी आली, तरच कोपरे काटकोनात."

टिकारामांनी चौकोन हातात घेतला. सरळ केला, कलवला, पुन्हा सरळ केला. मग फीत घेऊन गच्चीवर गेले. नीलिमानं टोक धरलं. एक तिरपं माप दुसऱ्यापेक्षा हातभर जास्त भरलं.

"हे तुले माहीत होतं?"

"हो."

"पोरायले शिकवते तू?"

"दरवर्षी."

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलली?"

नीलिमा कारण शोधू लागली. वडिलांचा मान ठेवला म्हणावं, तर तेही खोटं. चौकोन फळ्यावर असतो, पेपरात पाच मार्कांना असतो. बापाच्या जमिनीवरही तो असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सुचलंच नाही, बाबा."

खालून शेवंताबाईंनी विचारलं, उद्याला कोणता सदरा काढू? "राहू दे," टिकाराम ओरडले. फीत गुंडाळत लेकीला म्हणाले, "वकील साहेबाले फोन कर. मी येत नाही म्हणावं. पाडू दे त्यायले."

जिन्याशी ते थांबले. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "तुझी पोरं पास तं होतात ना?"

"चांगल्या मार्कांनी," नीलिमा म्हणाली, आणि तिला स्वतःचीच किळस आली.